परभाषिक सिनेमातले अमेरिकन नट: त्यांचे उच्चार तुम्हाला खटकतात का?

डॅलसकर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या शनिवारी ऑफिसातला एक मेक्सिकन मित्र आणि त्याची बायको आमच्याकडे जेवायला आले होते. पावभाजी हाणून झाल्यावर आता काय बघायचं यावर खल झाला आणि मी उत्साहाच्या भरात 'एमिलिया पेरेझ' लावला. म्हटलं ऑस्करची १३ नामांकनं आहेत, स्पॅनिश भाषा आहे, पाहुण्यांना घरच्यासारखं वाटेल. पण लवकरच लक्षात आलं, की आपण कोल्हापूरकराला घरी बोलावून साखर घातलेला रस्सा वाढलाय.

सेलेना गोमेझ बोलायला लागली आणि मित्राच्या बायकोने रिमोट सरळ माझ्या हातातून घेतला. मागे नेऊन एकच वाक्य तिने तीनदा लावलं. नवरा उशीत तोंड खुपसून हसतोय. आणि मला काही म्हणजे काही कळेना! मी खालची इंग्रजी अक्षरं वाचत होतो आणि बाई छानच काम करतेय असं माझं मत होतं. मित्र म्हणाला, "शब्द सगळे बरोबर आहेत रे, पण ती पाढे म्हणतेय."

मग रात्री जरा वाचलं. मेक्सिकोत घडणारी गोष्ट, पण दिग्दर्शक झाक ओदियार फ्रेंच. त्याला स्पॅनिश येत नाही हे त्याने स्वतःच सांगितलंय. शूटिंग बहुतेक सगळं पॅरिसजवळच्या स्टुडिओत. मुख्य चौघींपैकी मेक्सिकन एकटी आद्रियाना पास. युहेनियो डेरबेस या मेक्सिकन नटाने गोमेझच्या स्पॅनिशवर जाहीर टीका केली आणि नंतर माफीही मागितली. आणि याच चौघींना २०२४ च्या कान महोत्सवात अभिनेत्रीचं पारितोषिक मिळून दिलं गेलं होतं.

तर प्रश्न असा. अमेरिकन नट परक्या भाषेच्या सिनेमात घेतला की तुम्हाला खटकतं का? आणि जी भाषा आपल्याला येतच नाही तिथे खटकणार तरी कसं? तुमची उदाहरणं सांगा. हिंदी-मराठीतली पण चालतील.

शेंगदाणा_चटणी

पहिला!

सिनेमा राहू दे, पावभाजीबद्दल काय म्हणाले ते सांगा आधी.

डॅलसकर

@शेंगदाणा, दोघांत मिळून अकरा पाव. लिंबू मागून घेतलं.

कानसेन

सरसकट नको. त्याच सिनेमात झोई साल्डान्या पण अमेरिकनच आहे. जन्म न्यू जर्सीचा, पण लहानपणाची काही वर्षं डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये गेली आणि घरात स्पॅनिश. तिचे उच्चार मेक्सिकन नाहीत हे माहीत होतं म्हणून कथेतच तिच्या पात्राचा जन्म डॉमिनिकन दाखवला. उच्चाराला पटकथेने जागा करून दिली की काम भागतं. ऑस्कर तिलाच मिळालं.

गोमेझचं म्हणणं असं, की हाती होता तेवढ्या वेळात जमेल तेवढं केलं. मला ते पटतं. माझा राग तिच्यावर नाहीच. ज्या भाषेत आपल्याला चूक ऐकूच येत नाही, त्या भाषेत "हा टेक ओके" कशाच्या जोरावर म्हणायचं?

घरकोंबडा

आरआरआर मधले ते दोघं नवरा-बायको. अमेरिकनच ना? त्यांचं तेलुगू कुठे होतं, सगळं इंग्रजीच.

कानसेन

@घरकोंबडा, रे स्टीव्हनसन उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेला आणि ॲलिसन डूडी आयरिश. ज्यांच्यावर इंग्रजांनी राज्य केलं त्यांनाच इंग्रज केलं. 🙂

घरकोंबडा

बरं. मग स्टॅलोन. 'कमबख्त इश्क', २००९. माझा पास.

म्हैसाळचा_म्हाद्या

आमचा सरळ हिशोब हाय. क्लिंट ईस्टवुड. ते पिच्चर इटलीचं हायत हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, तवर आमी समजत हुतो हे अमेरिकेतलंच. वाळवंट बी तिकडलंच वाटायचं. ते निघालं स्पेनमधलं, आल्मेरियाचं! आन् आमच्या थोरल्या भावानं टोपी तशी घालून, तोंडात उसाची काडी धरून गावभर हिंडायचं. बिडी न्हाई, आईचा मार पडला असता.

बोलायचं म्हणाल तर गडी बोलतोच कुठं? डोळं बारीक करतो, काम फत्ते. असला नट घेतला की भाषेची कटकटच न्हाई.

शेंगदाणा_चटणी

उसाची काडी 😂 हसून हसून पुरेवाट.

ध्वनिकाम

म्हाद्या, तुमच्या प्रतिसादात गंमत आहे ती थोडी उलगडतो. मी अंधेरीत डबिंगच्या कामात आहे, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा.

इटलीत त्या काळी शूटिंगच्या जागी आवाज नीट घेतच नसत. सगळं नंतर स्टुडिओत भरायचं. त्यामुळे सेटवर कोण कुठल्या भाषेत बोलतोय याने काडीचा फरक पडत नसे. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) मध्ये ईस्टवुड इंग्रजीत, जानमारिया व्होलोन्ते इटालियनमध्ये, आसपासची मंडळी स्पॅनिशमध्ये. तिकडचा दिग्दर्शक फेलिनी तर नटांना नुसते आकडे म्हणायला लावायचा, संवाद मागाहून ठरायचे. इटालियन प्रेक्षकाने जो ईस्टवुड ऐकला तो एनरिको मारिया सालेर्नो नावाच्या नटाचा आवाज होता.

याला मागचा इतिहासही आहे. मुसोलिनीच्या राजवटीत परदेशी बोलपट इटालियनमध्येच दाखवायची सक्ती झाली. तिथून डबिंग हा तिकडे पक्का धंदा झाला आणि लोकांच्या कानाला सवय लागली. पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, यात त्यांना काही वावगं वाटत नाही. फेर्रुच्चो अमेंदोला या एका माणसाने डी नीरो, पचिनो, हॉफमन आणि स्टॅलोन या चौघांना आवाज दिलाय! मग १९९५ ला 'हीट' मध्ये डी नीरो आणि पचिनो समोरासमोर बसले तेव्हा पंचाईत. तिथे अमेंदोलाने डी नीरो ठेवला आणि पचिनो जानकार्लो जानिनीकडे गेला.

आता बघा, डस्टिन हॉफमनने १९७२ मध्ये पिएत्रो जेर्मीचा 'आल्फ्रेदो, आल्फ्रेदो' हा अस्सल इटालियन सिनेमा केला. आवाज अमेंदोलाचाच. म्हणजे इटालियन माणसाला तो परका वाटायचा प्रश्नच नाही.

सगळ्यात कमाल ऑर्सन वेल्सची. या माणसाच्या आवाजावर अमेरिकेतला रेडिओ चालला. पासोलिनीने १९६३ च्या 'ला रिकोत्ता' मध्ये त्याला दिग्दर्शकाच्या भूमिकेत घेतलं आणि आवाज लावला जॉर्जो बास्सानी या लेखकाचा. कुमार गंधर्वांना स्टेजवर बसवून मागून दुसऱ्याने गावं, तसलाच प्रकार.

तळेगावच्या_काकू

ध्वनिकाम, फार छान माहिती. शेवटच्या उपमेबद्दल मात्र कान धरला पाहिजे तुमचा.

मी बर्ट लँकेस्टरबद्दल लिहिणार होते. पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये आम्ही मैत्रिणी सिनेमे बघायला जायचो, तिथे इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोंतीचा 'द लेपर्ड' (१९६३) पाहिला. सिसिलीतला एक वृद्ध होत चाललेला सरदार, इटली एक करायला निघालेला गॅरिबाल्डी आलाय, जुनं सगळं जाणार हे त्याला समजलंय. शेवटी नाचाचा प्रसंग आहे, पाऊण तास चालतो. त्यात तो गर्दीतून बाजूला होतो आणि आरशात स्वतःकडे बघतो. डोळ्यांत पाणी. मी नंतर घरी येऊन स्वयंपाकाला लागले तरी तो आरसा डोळ्यापुढून जाईना.

हा माणूस सर्कशीतला कसरतपटू होता हो! मग हॉलिवूडमध्ये मारामाऱ्या, बंदुका. व्हिस्कोंतीच्या मनात आधी दुसरी नावं होती, याच्याबद्दल तो नाराजच होता. पण ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा पैसा हवा तर हॉलिवूडचा तारा हवा, असा व्यवहार. आणि त्या व्यवहारातून हे निघालं. पुढे १९७४ मध्ये त्याच व्हिस्कोंतीने त्याला आपणहून पुन्हा घेतलं.

तेव्हा पैशासाठी नट घेतला म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. लग्नं पण पत्रिका आणि पगार बघूनच ठरायची, त्यातली काही चांगली निघतातच की.

कानसेन

काकू, पण इटालियन प्रतीत आवाज लँकेस्टरचा नाही, कोर्रादो गाइपाचा. म्हणजे तुम्हाला भावला तो अर्धा लँकेस्टर आणि अर्धा गाइपा.

तळेगावच्या_काकू

अर्धा तर अर्धा. इंग्रजी प्रतही आहे ना, तिच्यात त्याचा स्वतःचा आवाज आहे. ती कापून आखूड केलेली आणि व्हिस्कोंतीने हात झटकलेली. आवाज खरा, पण सिनेमा कापलेला. दोन्हीत निवडायचं तर मी गाइपाच घेईन.

म्हैसाळचा_म्हाद्या

काकू जिंकल्या.

गिरगावचा_कट्टा

त्याच वर्षीचा अजून एक. फ्रांचेस्को रोझीचा 'हँड्स ओव्हर द सिटी', व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह हे पहिलं पारितोषिक मिळालेला. रॉड स्टायगर हा अमेरिकन नट नेपल्समधला बिल्डर झालाय, जो नगरसेवकही आहे. सुरुवातीलाच एक जुनी इमारत कोसळते. मग चौकशी समिती, फायली इकडून तिकडे, आणि सभागृहात नगरसेवक हात वर करून ओरडतात की आमचे हात स्वच्छ आहेत!

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची मीटिंग आदल्या रविवारी झाली होती. स्टायगर नकाशावर हात ठेवून बोलायला लागला आणि बाबा म्हणाले, "हा आपल्याकडे आला होता ना रे?" आवाज दुसऱ्याचा, भाषा इटालियन, नट अमेरिकन, आणि माणूस थेट आमच्या गल्लीतला.

बाकी चाळ तिथेच आहे. टेकू लावलेत.

शेंगदाणा_चटणी

@गिरगाव, चौकशी समिती नेमू का?

घरकोंबडा

'ला स्त्रादा'तला अँथनी क्विन राहिला की. अमेरिकन.

कानसेन

जन्म मेक्सिकोतला. पण बरं, हॉलिवूडचाच म्हणू. त्याच सिनेमातला तारेवरून चालणारा रिचर्ड बेसहार्ट मात्र पक्का अमेरिकन. दोघांचेही आवाज इटालियनांनी दिलेले.

घरकोंबडा

या आयडीच्या तावडीतून एक तरी नाव सुटेल का? टॉम ऑल्टर! आता बोला.

तळेगावच्या_काकू

अरे बाळा, टॉम ऑल्टर भारतीय. आईवडील अमेरिकन मिशनरी घराण्यातले, पण जन्म मसुरीचा, १९५० चा. शिकला आमच्या पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. राजेश खन्नाचा 'आराधना' बघून वेड लागलं होतं त्याला. त्याचं उर्दू इतकं स्वच्छ की रंगमंचावर मौलाना आझाद करायचा. आणि सिनेमावाले त्याला काय द्यायचे? "टुम हिंडुस्टानी लोग". ज्याला आपल्यापेक्षा चांगलं बोलता येतं त्याला मुद्दाम वाईट बोलायला लावायचं. गोमेझच्या अगदी उलट गोष्ट. सत्यजित राय यांनी 'शतरंज के खिलाड़ी'त मात्र त्याचं चीज केलं.

फ्रेंच_शिकतेय

मी वाचनमात्र असते, पण आज लिहावंच लागतंय, कारण जीन सिबर्ग अजून कुणीच काढली नाही!

आयोवातल्या मार्शलटाउन नावाच्या गावची मुलगी. हॉलिवूडमध्ये पहिलाच मोठा सिनेमा पडला, समीक्षकांनी झोडपलं. मग १९६० मध्ये गोदारच्या 'ब्रेथलेस'मध्ये ती आली, आखूड केस, न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून लिहिलेला टीशर्ट, शांझेलिझेवर पेपर विकतेय. तिचं फ्रेंच अमेरिकन वळणाचं आहे आणि ते लपवायचा जराही प्रयत्न नाही, कारण पात्रच अमेरिकन आहे. ती मधूनमधून शब्दांचे अर्थ विचारत राहते.

आणि शेवट. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा. पासष्ट वर्षं होती तुमच्याकडे.)

तो रस्त्यावर पडलाय, मरतोय, आणि एक शब्द बोलतो, 'देगलास'. किळसवाणं, असं काहीसं. ती पोलिसाला विचारते, काय म्हणाला? पोलीस सांगतो, पण थोडं फिरवून, ती शिवी तिच्यावर ढकलून. आणि ती कॅमेऱ्याकडे बघून विचारते, 'देगलास' म्हणजे काय? सिनेमा खलास. अस्खलित फ्रेंच येणारी नटी घेतली असती तर हा शेवटच झाला नसता. आमच्या क्लासमध्ये बाईंनी हा भाग दाखवला आणि पहिली गोष्ट शिकवली, की शिवी आधी शिका, नाहीतर फजिती होते.

दुसरं टोक म्हणजे जोडी फॉस्टर. लॉस एंजेलिसच्या फ्रेंच शाळेत शिकलेली, त्यामुळे स्वतःच्या इंग्रजी सिनेमांचं फ्रेंच डबिंग पण करायची. 'अ व्हेरी लाँग एंगेजमेंट' (२००४) मध्ये छोटी भूमिका होती. २०२५ ला कानमध्ये रेबेका झ्लोतोव्स्कीचा 'व्ही प्रिव्हे' दाखवला, त्यात ती पॅरिसमधली मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि सिनेमाभर फ्रेंच बोलते.

ध्वनिकाम

@फ्रेंच_शिकतेय, सुंदर प्रतिसाद. लिहीत जा हो. भर म्हणून सांगतो, 'ब्रेथलेस'मध्येही शूटिंगच्या वेळी आवाज घेतला नव्हता, नंतर भरला. पण सिबर्गनेच सिबर्गचा भरला. सगळा फरक तिथे आहे.

नाखवा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

म्हापसेकर

व्हिगो मॉर्टेनसनचा उल्लेख हवा. न्यूयॉर्कमध्ये जन्म, बाप डॅनिश, आणि वयाच्या अकराव्या वर्षापर्यंतचं बरंचसं बालपण अर्जेंटिनात. सान लोरेन्झो या फुटबॉल क्लबचा तिथल्या पोरांइतकाच वेडा. त्याने 'आलात्रिस्ते' (२००६) मध्ये सतराव्या शतकातला स्पॅनिश सैनिक केला, त्यासाठी लेओन प्रांताचं वळण शिकून घेतलं. काही स्पॅनिश समीक्षकांनी तरी नावं ठेवलीच. २०१४ ला 'हाउहा'त डॅनिश आणि स्पॅनिश, आणि त्याच वर्षी 'फार फ्रॉम मेन'मध्ये फ्रेंच आणि अरबी. एका वर्षात चार भाषा! इफ्फीच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या चित्रपट महोत्सवाच्या रांगेत दोन-दोन तास उभं राहून मी असल्याच सिनेमांच्या मागे असतो, बायको म्हणते घरात एका भाषेत तरी बोल.

पण डॅलसकर, तुमच्या मित्राच्या बायकोचं दुःख आम्हा गोंयकारांना विचारा. हिंदी सिनेमातला गोव्याचा माणूस म्हणजे गळ्यात क्रॉस, हातात बाटली आणि "क्या बोलता है मॅन, हम जाता है मॅन". माझे शेजारी अस्सल कोंकणी बोलतात, चर्चमध्ये पण कोंकणीच. पन्नास वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून "मॅन" ऐकलेलं नाही. तेव्हा दिल्ली-मुंबईच्या प्रेक्षकाला काही खटकत नव्हतं. आम्हाला खटकायचं, पण रिमोट आमच्या हातात नव्हता.

डॅलसकर

म्हापसेकर, हे वाचून जरा गप्पच झालो. मी स्वतः त्या "मॅन"वर लहानपणी हसलोय.

के_ड्रामा_वेडी

हेच उलट बाजूने: 'स्क्विड गेम' (२०२१) या कोरियन मालिकेतले मुखवटे घातलेले व्हीआयपी आठवा. इंग्रजी बोलणारी मंडळी, इंग्रजी संवाद, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी त्यांनाच सगळ्यात जास्त धुतलं. कोरियन लोकांचा अभिनय काय थोर, म्हणे, आणि हे गोरे किती वाईट! अहो, कोरियन भाग तुम्ही वाचत होतात. इंग्रजी भाग ऐकत होतात.

कानसेन

@के_ड्रामा, धाग्याचं उत्तर तुम्ही दोन ओळींत दिलंत. +१००

म्हापसेकर

मला नाही पटत पूर्ण. भाषा न येता सुद्धा कळतं. आपण गाणं ऐकतो तेव्हा शब्द कळत नसले तरी बेसूर कळतोच की. मॉर्टेनसन अरबी बोलतो तेव्हा मला एक अक्षर कळत नाही, पण माणूस समोरच्याशी बोलतोय की भिंतीवरचं वाचतोय हे दिसतं.

कानसेन

मग डॅलसकरांना गोमेझचं का दिसलं नाही?

शेंगदाणा_चटणी

पावभाजीची सुस्ती.

ध्वनिकाम

भिंतीवरचं वाचण्यावरून आठवलं. बोलपट आले तेव्हा सुरुवातीला डबिंगचं तंत्र बसलेलं नव्हतं. मग हॉलिवूडवाले एकच सिनेमा वेगवेगळ्या भाषांत पुन्हा शूट करायचे. लॉरेल आणि हार्डी यांनी १९३० च्या सुमारास आपले सिनेमे स्पॅनिश, फ्रेंच, जर्मनमध्ये असेच केले. भाषा ओ की ठो येत नव्हती. कॅमेऱ्याबाहेर फळा धरलेला, त्यावर उच्चारानुसार लिहिलेली वाक्यं, आणि हे दोघं वाचून म्हणणार. लोकांना त्यांचे ते मोडके उच्चारच आवडले! अ‍ॅना मे वाँग या चिनी वंशाच्या अमेरिकन नटीने मात्र १९३० चा आपला पहिला बोलपट इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत स्वतःच्या आवाजात केला.

तळेगावच्या_काकू

हे तर आपल्या प्रभातचंच! 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा शूट केलेला. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी'. 'पडोसी'त तर मजहर खान हिंदू ठाकूर आणि आमचे गजानन जागीरदार मुसलमान मिर्झा. आता कोणी असं करायचं म्हटलं तर आधी धागा निघेल आणि मग मोर्चा.

आणि 'कुंकू'त (१९३७) शांता आपटे इंग्रजीत गातात हे किती जणांना माहीत आहे? लाँगफेलो या अमेरिकन कवीची 'साम ऑफ लाइफ' ही कविता. नऊवारीतली मराठी बाई, म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरी, आणि तोंडात अमेरिकन कविता. त्यांच्या इंग्रजीला कोणी हसलं असेल तर असो. माझी आई हसत नव्हती, ती गुणगुणायची. अर्थ तिला येत नव्हता.

योकोहामावासी

उशिरा आलो. इथे नऊ वर्षं काढल्यावर एकच नाव सांगतो, रिचर्ड गिअर. कुरोसावाचा 'ऱ्हॅप्सडी इन ऑगस्ट', १९९१. नागासाकीजवळच्या खेड्यात आजी राहते, तिचा नवरा अणुबॉम्बमध्ये गेलेला. गिअर तिचा हवाईहून आलेला भाचा, अर्धा जपानी. आधी मला पण वाटलं हा काय जपानी दिसतो का! पण रात्री बाकावर आजीशेजारी बसून तो माफी मागतो, आम्हाला ठाऊक नव्हतं म्हणतो, तिथे त्याचं शिकून शिकून बोललेलं, एकेक अक्षर जपून ठेवलेलं जपानी इतकं बरोबर वाटतं. आपल्याकडे अमेरिकेतला भाचा उन्हाळ्यात येतो आणि आजीशी मराठी बोलताना आधी डोक्यात वाक्य जुळवतो, तसंच.

माझ्या जपानी सहकाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "चुका आहेत. पण चुका करत असताना तो आजीकडे बघतोय."

म्हैसाळचा_म्हाद्या

हे भारी हाय. कुठं बघाय मिळंल?

योकोहामावासी

@म्हाद्या, व्यक्तिगत निरोप केलाय.

फ्रेंच_शिकतेय

ध्वनिकाम, एक शंका. तुम्ही परक्या नटाच्या तोंडी मराठी घालता तेव्हा काय बघता? उच्चार की भाव?

ध्वनिकाम

आधी ओठ. हसू नका. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. क्लोजअपमध्ये पडद्यावरच्याचे ओठ मिटले आणि आपलं वाक्य त्या जागी 'क' वर असलं की लहान पोर पण पकडतं. इंग्रजीत 'बेबी' असेल तर तिथे 'लेकरा' बसत नाही, 'बाळा' बसतं, निदान पहिला ओठ तरी मिटतो. मग श्वास. माणूस वाक्याआधी कुठे श्वास घेतो ते जुळलं नाही तर सगळं जुळूनही खोटं वाटतं. गेल्या महिन्यात एक मुलगी आली होती, नाटकातली, आवाज सोन्यासारखा. चार तासांत तीन पानं झाली, कारण ती श्वास स्वतःच्या जागी घेत होती. मग तिला सांगितलं, हेडफोन काढ, आवाज बंद, नुसतं त्या बाईच्या गळ्याकडे बघ. पाचव्या टेकला बसलं.

भाव मग येतो मागाहून. न आला तर पैसे कापतात.

नाखवा

पॉपकॉर्न संपले. शेंगा आणतो.

डॅलसकर

मंडळी, धागा खाली गेला होता, वर काढतोय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

आमच्या मंडळाचा गणपती झाला. दरवर्षीसारखी एकांकिका. यंदा लेखकाने एक अमेरिकन जावई घातला आणि त्या भूमिकेसाठी खराखुरा अमेरिकन आणला, आमच्यातल्याच एकीचा नवरा. दोन महिने घासलं त्याच्याकडून. पडद्यावर इंग्रजी भाषांतर दिसायची सोय केली होती, म्हणून मी त्या मेक्सिकन जोडीला पण बोलावलं.

जावई आला. "नमस्कार, मी या घरचा जावई" इथपर्यंत टाळ्या. मग त्याचं वाक्य होतं, "आई, मी तुमचं केळं खाल्लं." गड्याला ळ काही साधेना. "आई, मी टुमचं केलं खाल्लं." पुढच्या रांगेतल्या काकू पदर तोंडात धरून हलतायत. माझी पोरगी खुर्चीवरून घसरली. तो बिचारा ते वाक्य तीनदा म्हणतो, कारण नाटकात तसंच होतं.

आणि शेजारी माझा मित्र आणि त्याची बायको भाषांतर वाचत, अगदी गंभीर चेहऱ्याने बघतायत. मध्यंतरात ती मला म्हणाली, "तो अमेरिकन किती सुंदर काम करतोय! आणि मराठी काय अस्खलित बोलतो!"

कानसेन

😂😂😂

तळेगावच्या_काकू

मग सांगितलंत का तिला?

डॅलसकर

सांगणार होतो. पण तिच्या हातात चौथा मोदक होता आणि ती त्याला कसं बोलावं ते विचारत होती, मोदक की मोडक.

म्हैसाळचा_म्हाद्या

मोडक आमचं तलाठी हुतं.